दुपारची बुडबुड

"हे नळी-पंपाचं लटांबर इथं कुणी लावलंय?" मॅडमनी विचारलं आणि मावशीने हातातला ट्रे खाली ठेवला.

लावणारी तीच. दुसरं कोण? प्रयोगशाळेच्या त्या मागच्या खोलीत मावशीशिवाय कुणी फिरकतही नसे. चिखलपाण्याचे ट्रे, ट्रेमध्ये अळ्या आणि अळ्यांचं हवं-नको बघायला मावशी, एवढाच तिथला संसार. अळ्या तरी कसल्या? संध्याकाळी साचल्या पाण्यावर थवेच्या थवे उडतात ना, न चावणारी चिलटं, त्यांच्या. दोऱ्याएवढ्या, लालभडक. पहिल्या दिवशी मावशीने नाक मुरडलं होतं. आता एखादी मेली तरी तिला घास गोड लागत नसे.

"मीच लावला, मॅडम. पाणी अगदीच गप्प होतं."

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे कसला आवाजच नाही. मला बघवेना हो. नंतर त्या फिक्या पडायला लागल्या. म्हटलं, अशक्त झाल्या. म्हणून पंप आणखी वाढवला."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, हवा मिळाली म्हणूनच तर फिक्या पडल्या त्या! चिखलात हवेची ओढाताण, म्हणून त्यांच्या अंगात ते तांबडं हिमोग्लोबिन. बाकी बहुतेक किड्यांना त्याची गरजच पडत नाही. त्यांच्या अंगभर बारीक नळ्या असतात, हवा थेट आत पोचते. या बयांचं निराळं. यांच्या कुठल्या तरी पणजीच्या पणजीकडे एखादाच जीन असेल त्याचा. त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, प्रत्येकीत थोडा थोडा फरक पडत गेला. आता डझनावारी झालेत. एका आईच्या लेकी, पण हरएकीचं वळण वेगळं. हवा कमी पडली की यातली कोण कामाला लागते, तेच मला बघायचंय. आणि तुम्ही यांना वारा घालत बसलात!"

मावशीला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. एक मात्र नीट कळलं. ज्या तळ्यातून या अळ्या आणल्या, ते केव्हाच बुजवून टाकलं होतं. तिथला वंश आता एवढ्या ट्रेंपुरताच उरला होता.

"मरतील का हो?" तिने विचारलं.

मॅडमचा राग तिथेच निम्मा झाला. "नाही मरायच्या. पंप काढा. कात टाकली की येईल हळूहळू रंग. आणि आज घरी जा बघू तुम्ही. इथं बसलात तर परत नळी सोडाल."

मावशीने पंप काढला. पाणी निपचित झालं आणि तिचाच श्वास कोंडला.

याला कारण होतं. तिचा नवरा खडीच्या खाणीवर मुकादम. निवृत्त होऊनही गल्ली त्याला मुकादमच म्हणे. एके काळी या टोकाला ओरडला की त्या टोकाचे मजूर दचकत. तेवढी धूळ छातीत साठली आणि आता चार शब्द बोलला की पाचव्यासाठी थांबावं लागे. नाकात नळी, नळीमागे प्राणवायूचं यंत्र आणि यंत्राला पाण्याची बाटली. त्या बाटलीत दिवसरात्र बुडबुड चाले. ती चालू असली की मावशीला झोप लागायची, थांबली की खाडकन जाग यायची.

मागे एकदा तपासणीत त्याचं हिमोग्लोबिन भरपूर निघालं, तेव्हा तिला हर्ष झाला होता. डॉक्टर म्हणाले, "अहो, खूश काय होताय? हवा पुरत नाही म्हणून शरीर धडपडतंय ते." तेव्हा हे डोक्यात शिरलं असतं, तर आज मॅडमची बोलणी खावी लागली नसती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो रोज फोन करी. बोलत नसे. बोलायला दम कुठला? फोन बाटलीपाशी धरी आणि ती बुडबुड ऐकून मावशीचा जीव भांड्यात पडे. मग ती डबा उघडी.

आज ती बसमधून उतरली, तेव्हा तीच वेळ झाली होती. गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगवाला दुकानाबाहेर हात बांधून बसला होता.

"आज लवकर, वहिनी?"

"हो. तू रिकामा कसा रे?"

"वीज कुठंय? महिना झाला की. रविवार सोडून या वेळेला रोज जाते, तासभर तरी. मुकादम काही बोलले नाहीत?"

रोज? यंत्र रोज तासभर बंद? मोठा सिलिंडर दाराआड होता खरा, पण त्याची चावी पान्याने फिरवायला मनगटात जोर लागतो. तो या माणसाकडे राहिलाय कुठे? ती धावत सुटली आणि हातातला फोन वाजला.

तिने तो कानाला लावला. बुडबुड, बुडबुड. अगदी रोजच्यासारखी.

गल्लीत वीज नाही आणि बाटली बुडबुडतेय? तिला काही सुधरेना. तशीच ती खिडकीशी गेली.

मुकादम पलंगावर वाकून बसला होता. यंत्रावरचा दिवा विझलेला, नळी गळ्यात लोंबत होती. मांडीवर पाण्याचा पेला, पेल्याला चिकटून फोन आणि तोंडात सरबताची नळी. तो फुंकत होता. थोडं फुंके, खांदे वर ओढून श्वास घेई, की परत फुंके. ओठ निळसर झाले होते. गालफडं बसली होती.

महिनाभर हेच ऐकून आपण डबा उघडत होतो. मावशीला हुंदका आला, तो तिने पदराने दाबला.

"ऐकलं हो," ती फोनमध्ये हळूच म्हणाली. "छान चाललंय. ठेवा आता. मला भूक लागलीय."

त्याने नळी सोडली. मिशी पुसली. छाती भात्यासारखी हलत होती, पण चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं.

आत जाऊन आधी सिलिंडर उघडायचा होता. मावशीने डोळे कोरडे केले. मग दाराशी जाऊन तिने चपला पायरीवर खणखणीत आपटल्या, एकदा, दोनदा, त्याला पेला लपवायला सवड मिळावी म्हणून.