वरचा खांब

दोन सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यायचं हे ठरवायला आर्किटेक्ट श्रावस्तीनं दोन्हींत आपलंच जुनं काम घातलं: मुरुम गावचं मंगल कार्यालय, गेल्याच वर्षी बांधून झालेलं. पहिल्यानं इमारत देखणी दाखवली. दुसऱ्यानं वरच्या मजल्याचा एक खांब लाल केला. त्याच्या खाली खांबच नव्हता.

तिनं नकाशांचे जुने कागद काढले. मालकाला दार पूर्वेला हवं होतं, म्हणून तिनं खालचा खांब पाच फूट सरकवला होता. वरच्या मजल्याचा कागद बदलायचा राहिला. आणि गवंडी बब्रुवानकाका कागदाबाहेर बोटभरही जात नसत.

तिनं त्यांनाच फोन लावला. मागं सनई वाजत होती.

"काका, कुठं आहात?"

"आपल्या मंगल कार्यालयातच, ताई. नातीचं लगीन हाय. या की, पहिली पंगत आत्ताच वर बसलीया."