साळूबाईची भवानी

लढाई तिकडं साता समुद्रापार चालली होती आणि रॉकेल आटलं होतं कुंडलजवळच्या एका वाडीत. वाडीला दुकान एकच, आप्पासोचं. सरकारी कंट्रोलचा भाव त्याच्या पाटीवर एक आणि तोंडात दुसरा. बाटलीला दुप्पट पैसे घ्यायचा, वर ती गळ्यापर्यंत भरायचाही नाही. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "परवडत नसंल तर अंधारात बसा."

साळूबाईला अंधारात बसून चालणार नव्हतं. दिवसा ती दुसऱ्याच्या रानात राबायची आणि दिवेलागणीनंतर चिमणीच्या उजेडात लोकांच्या वाकळा शिवायची. चिमणी विझली की चूल विझलीच. शिवाय तिचं आणखी एक दुखणं होतं. ती विधवा. सगळ्यांच्या आधी गेली तरी आप्पासो तिला पायरीखाली थांबवायचा. "आधी भवानी होऊ दे." दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तो पैसा आप्पासो कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचा, आणि तो मोकळ्या कपाळाच्या बाईचा असला तर दिवस बुडतो, असं त्याचं ठाम मत. एरवीही साळूबाईचा पैसा तो हातात घेत नसे, फळीवर ठेवायला लावी.

एके दिवशी तर तिची पाळी येईपर्यंत भाव तिप्पट झाला. रिकामी बाटली घेऊन ती विहिरीवर आली. डोळे भरले होते, पण रडण्यापेक्षा राग जास्त होता.

"त्येला भवानीची एवढी काळजी हाय न्हवं?" ती बायकांना म्हणाली. "मग उद्यापास्नं भवानी कुणीच करायची न्हाई."

"आन् दिवं गं?" रंगुबाईनं विचारलं.

गुणमालाक्का हसली. तिच्या जैनाच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नसे. "आमी जन्मभर उजेडी जेवतोय, मेलो का? तुमीबी जेवा. आन् साळू, तू माझ्या सोप्यात शीव. करंजाच्या तेलाचा दिवा मी लावते."

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. एकेक बाई दुकानापुढं जायची आणि आदबीनं विचारायची, "आप्पासो, भवानी झाली का?"

"न्हाई अजून. ये की!"

"मग ऱ्हाऊ द्या. माझा हात काय बरा न्हाई."

मीठ-मिरची कुंडलच्या बाजारातून येऊ लागली. भीती होती ती पुरुषांची. तिसऱ्याच दिवशी रंगुबाईचा नवरा गुंडा तंबाखूसाठी दुकानाकडं निघाला. रंगुबाईनं त्याची चंची काढून घेतली आणि चुलीपुढं धरली. गुंडा पायताण काढून परत बसला.

आठ दिवस आप्पासोच्या कपाळाला पैसा लागला नाही. नवव्या दिवशी सकाळी तो स्वतः साळूबाईच्या दारात आला. मागं सगळी वाडी गोळा झाली.

"साळूबाई," तो खाली बघत म्हणाला, "चल. तूच कर भवानी."

"पाटीवरचा भाव. बाटली गळ्यापातूर. समद्यांना," साळूबाई म्हणाली. "आन् पायरीखाली कुणी थांबायचं न्हाई."

"व्हय, कबूल."

ती दुकानाची पायरी चढून वर गेली. आप्पासोनं बाटली काठोकाठ भरली. तिनं पैसा फळीवर ठेवला नाही. हात पुढं केला आणि तशीच उभी राहिली. आप्पासोनं क्षणभर फळीकडं पाहिलं, मग तळवा पसरला. तिच्या हातचा पैसा त्यानं घेतला, डोळे मिटले आणि कपाळाला लावला.

"झाली गं भवानी!" रंगुबाई ओरडली, आणि वाडीतल्या सगळ्या बाटल्या एकदम पुढं आल्या.