मवाळ, मध्यम, जहाल

मानवजातीच्या सदसद्विवेकाचा निकाल आज दुपारी ठीक चार वाजता लागणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती – फक्त त्या वेळी त्याच्या चिमटीत एक वरची कवळी होती आणि तिच्या मागच्या दाढेत बिस्किटाचा भुगा अडकला होता. गुलाबी हिरडी, चौदा दात, टाळूच्या खोलगट भागात वाळलेल्या लाळेचा पांढरट पापुद्रा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे दात करूनही त्याला या पापुद्र्याची सवय झाली नव्हती. त्याने तो ब्रशने घासला, नळाखाली धरला, पुन्हा नाकाशी नेला – का नेला कोण जाणे, किळस आली की माणूस एकदा खात्री करून घेतो – आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं.

कवळीचे मालक, एक निवृत्त हेडमास्तर, काचेच्या दारापलीकडे बाकावर मोकळ्या तोंडाने बसले होते. कवळी डावीकडे टोचते, अशी त्यांची तक्रार होती, आणि ते ती घेऊन तिसऱ्यांदा आले होते. "चारपर्यंत देतो, मास्तर," असं तो म्हणाला होता. चार ही वेळ तोंडातून निघून गेली. दोन दिवस त्याच्या तोंडून दुसरी वेळच निघत नव्हती.

चार वाजता ‘काळझेप’च्या पाचव्या चित्रपटाची परीक्षणं खुली होणार होती. काळझेप म्हणजे करड्या झग्यातला तो – जो चार मिनिटं मागे उडी मारू शकतो, एक सेकंदही जास्त नाही, आणि तेवढ्यात पूल, आगगाड्या, कधी कधी अख्खी शहरं वाचवतो. समीक्षकांना चित्रपट मंगळवारीच दाखवला होता, पण शुक्रवारी चारपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. बाकीच्यांना तो दिसणार शनिवारी. म्हणजे ज्यांनी पाहिला त्यांना बोलायची बंदी, आणि ज्यांनी पाहिला नव्हता ते महिनाभर बोलतच होते.

न पाहिलेल्यांमध्ये तो होता. सेहेचाळीस वर्षांचा, कवळ्या करणारा, काळझेपच्या चाहत्यांच्या ‘झेपकरी’ मंडळाचा एकोणीस वर्षं जुना सभासद. मंडळात त्याला डॉक्टर म्हणत. दातांचं काही करतो एवढं ऐकून कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं, आणि मी डॉक्टर नाही हे सांगायचं त्या दिवशी राहून गेलं... ते राहूनच गेलं. दुसरीकडे त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं, त्यामुळे हरकत घेण्यासारखं फारसं नव्हतं.

मंडळाची एक पद्धत होती. चित्रपट यायच्या आधी अकरा नामांकित समीक्षकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, अकरा सभासदांनी एकेक उचलायची आणि आपल्या समीक्षकाला द्यायची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. तीन प्रतींत. मवाळ, मध्यम आणि जहाल. तीनाहून जास्त तारे मिळाले तर नुसते आभार, तीन मिळाले तर मवाळ, अडीच मिळाले तर मध्यम, आणि त्याखाली गेलं तर जहाल – चार वाजून पाच मिनिटांनी, समाजमाध्यमांवरच्या वीस वेगवेगळ्या खात्यांवरून, एकदम. काय आवडलं नाही हे समीक्षकाने अजून लिहिलेलं नसे, म्हणून उत्तर चित्रपटाबद्दल देता येत नसे. ते समीक्षकाबद्दलच द्यावं लागे.

चार आठवड्यांपूर्वी त्याने या खेपेची चिठ्ठी उलगडली तर आत होतं – ‘तिसरी रांग’.

‘तिसरी रांग’ हे सांजदैनिकातल्या एका सदराचं नाव. लिहिणारीचं खरं नाव छापत नसत, ती कोण हे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं, एकट्या त्याला होतं. ती त्याची ताई होती. चिठ्ठी परत टाकायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ‘समीक्षकाशी नातं अथवा मैत्री आढळल्यास सभासदत्व रद्द’ हा नियम त्याने स्वतःच, चांगल्या अक्षरात, लिहून दिलेला होता.

त्याने फिरतं चाक सुरू केलं. कवळीच्या डाव्या काठावर, जिथे टोचत होतं तिथे, हलकेच टेकवलं. गुलाबी भुकटी उडाली. गरम झालेल्या कृत्रिम हिरडीचा तो वास – गोडसर, औषधी, कुणीतरी तोंड उघडून झोपलंय आणि आपण त्याच्या फार जवळ आहोत असा... तो तोंडाने श्वास घेऊ लागला, आणि मग भुकटी जिभेवर बसली.

मंगळवारी रात्रीचं जेवण ताईकडे होतं. ती चित्रपट पाहून थेट आली होती. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिने भात वाढला, त्याच्या कामाची चौकशी केली, आणि बोलता बोलता तिकिटाची घडी घातली. मग घडीची घडी. मग तिचीही. कागद नखाएवढा झाला, पुढे दुमडेना, तरी ती अंगठ्याने दाबत राहिली. लहानपणी आत्याने विणून दिलेला स्वेटर पाहून ‘छान आहे हं’ म्हणताना तिने बसच्या तिकिटाचं हेच केलं होतं. त्याने घास पुन्हा पानात ठेवला. इतकं वाईट? त्याच्या काळझेपला इतकं वाईट? – आणि त्याच क्षणी तो ताईसाठीही धास्तावला होता, कारण मसुदे त्याने आदल्या रविवारीच लिहून दिले होते.

मवाळ साधं होतं. मध्यमही कुणीही लिहिलं असतं. पण जहाल...

जहाल लिहायला बसला तेव्हा त्याला वाटलं होतं, दुसऱ्या कुणी काही घाणेरडं लिहिण्यापेक्षा आपण लिहावं, सांभाळून लिहावं. पहिलं वाक्य फुसकं निघालं. दुसरंही. आणि मग हात एकदम सैल झाला. ताईचा नवरा घर सोडून गेला त्या दिवशी ती जिन्यात उभी होती, तो चार जिने उतरेपर्यंत तिथेच, आणि नंतर तिने भावाला, फक्त भावाला, सांगितलं होतं, "मला नुसतं थांब म्हणायचं होतं रे. तोंडच उघडलं नाही." बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कागदावर उतरलं ते असं – ‘जिला दारातून जाणाऱ्या एका माणसाला थांब म्हणता आलं नाही, तिने जग थांबवणाऱ्याबद्दल बोलू नये.’ त्याने ते वाचलं. ‘एका’ काढलं, पुन्हा घातलं. हो, त्याने मनाशी कबूल केलं, मी ते तासून घेतलं. कंगोरे काढले, चकाकी आणली, जिथे बसायला हवं तिथे बरोबर बसेल असं करून दिलं, कारण माप माझ्याकडे होतं. दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी त्याने चाक बंद केलं आणि सेनापतीला फोन लावला. सेनापती म्हणजे मंडळाचा प्रमुख. एरवी तो विमा कार्यालयात दावे नाकारण्याच्या टेबलावर बसे.

"बोला डॉक्टर. बत्तीस मिनिटं राहिली."

"ते तिसऱ्या रांगेचं जहाल... जरा बदलू या का?"

"का हो? तुम्हीच मवाळ झालात?"

"तसं नाही. फार वैयक्तिक वाटतंय."

"म्हणून तर वीस खात्यांवर लावून ठेवलंय. बाकीच्यांचं वाचलंत का? अक्कल नाही, पैसे खाल्ले, डोळे तपासा. अहो, हे काय लिहिणं झालं? तुमचं वाक्य वाचून आमची बायको म्हणाली, हे घरातल्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं."

त्याने कवळी उलटी करून टेबलावर ठेवली.

"कौतुक होतं ते, डॉक्टर."

"हो. ते... हो."

"का, ओळखीची आहे का बाई?"

"छे," तो म्हणाला.

इतक्या चटकन म्हणाला की शब्द आधी बाहेर पडला आणि प्रश्न मागून ऐकू आला. फोन ठेवल्यावर त्याने चूळ भरली. भुकटी गेली. चव गेली नाही.

आता उरली होती एकच वाट, आणि तिची त्याला सगळ्यांत शिसारी येत होती. ताईने खोटं लिहावं. एकोणीस वर्षं तो सांगत आला होता की आम्हाला प्रामाणिक परीक्षण हवं, बस, प्रामाणिक – आणि आता चिमट्याने कवळी उजेडात धरून तो मनात म्हणत होता, ताई, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, खोटं लिही, एकदाच, तीन तारे दे, नाहीतर तुझं तोंड माझ्याच हाताने... खरं म्हणजे मागितलं होतं. पुष्कळ मागितलं होतं. काळझेपचं पहिलं चित्रपुस्तक तिनेच आणलं होतं, जिन्याच्या पायरीवर बसून तिनेच वाचून दाखवलं होतं, आणि काळझेपचा आवाज – खर्जातला, जरासा सर्दी झाल्यासारखा – तो तिचाच होता. चार चित्रपटांत चार नट आले, प्रत्येकाच्या आवाजावर मंडळात महिना महिना वाद झाले, आणि प्रत्येक खेपेला तो अंधारात बसून एवढंच ठरवत असे की हा ताईसारखा नाही.

हे मंडळात सांगण्यासारखं नव्हतं. त्याने फोनवर सेनापतीला एकदा ‘ती माझी’ एवढं लिहिलं. पुसलं.

चार वाजले.

त्याने फोन उपडा घातला आणि कवळीला चकाकी देऊ लागला. कापडाचं चाक, ओली पूड, गुलाबी चिखल बोटांच्या बेचक्यांत. फोन टेबलावर थरथरत एक एक बोट पुढे सरकत होता, उताण्या पडलेल्या झुरळासारखा. चार वाजून चार मिनिटांनी त्याने तो उलटला. सेनापतीने लिहिलं होतं – ‘साडेतीन तारे. डॉक्टर, तुमची बाई शहाणी निघाली.’

तो स्टुलावर बसला. मग त्याने परीक्षण उघडलं, आणि पहिल्या तीन परिच्छेदांत प्रत्येक वाक्याला घडी घातलेली त्याला दिसली. ‘भव्य आहे.’ ‘तरुणांना आवडेल.’ ‘मेहनत जाणवते.’ छान आहे हं. त्याच्यासाठी केलं असेल का तिने हे? मागितल्याशिवाय ओळखून? त्याला किळस आली, जसं कुणी आपल्या पानातलं, अर्धं चावलेलं, प्रेमाने भरवावं... आणि चौथ्या परिच्छेदात घडी नव्हती. तिथे लिहिलं होतं की साडेतीनमधले दीड तारे एका प्रसंगाचे आहेत. काळझेपची बायको घर सोडून जाते. तो चार मिनिटं मागे उडी मारतो आणि दारात उभा राहतो. ती पुन्हा जाते. तो पुन्हा मागे येतो. सात वेळा. ‘आणि सातही वेळा,’ ताईने लिहिलं होतं, ‘त्याला थांब म्हणता येत नाही. मीही एकदा अशीच उभी होते. आपल्याला वाटतं, वेळ कमी पडला. वेळ कमी पडलेला नसतो.’

लिहिणारीचं नाव नसलेल्या सदरात, एवढ्या सरळ. काही न तासता.

त्याने ते पुन्हा वाचलं. हे खरं होतं की हेही त्याच्यासाठी, हे त्याला ठरवता येईना. आणि ठरवता येईना याचं कारण त्याला कळत होतं – तोच ‘थांब’ त्याने आधी हाताळून ठेवला होता, आता तो कुठेही दिसला तरी त्यावर त्याचीच लाळ दिसत होती.

फोन पुन्हा थरथरला. ‘तुमचं जहाल फेकत नाही हो,’ सेनापतीने लिहिलं होतं. ‘जपून ठेवतो, पुढच्या भागाला लागेल. काय योगायोग बघा, तिनेही तेच लिहिलंय. आणि बाईला मंडळातर्फे आभाराच्या चार ओळी तुम्हीच लिहा. तुम्हाला तिचं माप सापडलंय.’

खाली रिकामी चौकट होती, तिच्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती. त्याने लिहिलं, ‘ती माझी’. या वेळी पुसलं नाही. पुढचा शब्द त्याच्या अंगठ्याला माहीत होता, पण अंगठा हलला नाही. चार मिनिटं मागे नाही, चार आठवडे मागे जायला हवं होतं – आणि गेलो असतो तरी, त्याला वाटलं, मी तिथे नुसता उभा राहिलो असतो, हातात चिठ्ठी घेऊन, आणि तेच लिहायला शेजाऱ्याचं पेन मागितलं असतं. किळस येतच होती. पण आतापर्यंत ती समोरून कुठून तरी यायची, कवळीतून, फोनमधून, आणि तो नाक फिरवू शकायचा. आता ती तोंडात होती, दुसऱ्याच्या दातांसारखी, हिरडीला नीट बसलेली, कुठेही न टोचणारी.

काचेवर टकटक झाली. हेडमास्तर दार किलकिलं करून उभे होते, एका हातात चहाचा कागदी पेला, दुसऱ्यात बिस्किट. दात नसल्यामुळे त्यांचे शब्द एकमेकांना टेकून येत होते, पण कळत होते.

"घाई नाही हो," ते म्हणाले. "झाले असतील तर तेवढे माझे दात द्या. चहा निवतोय."