कोयत्याविना तीस वर्षं

मित्रांनो, थ्रिपली आणि कूम्बर या दोन गावांच्या मधल्या लहानशा रानातला मी हेझल नावाच्या झाडाचा एक बुंधा. वय विचारू नका, मलाच आठवत नाही. दर सात वर्षांनी हिवाळ्यात मला जमिनीलगत तोडत. वसंतात मी पुन्हा सरळसोट फुटवे काढत असे. माझं आयुष्य एवढंच, आणि ते झकास होतं.

शेवटची तोडणीवाली इनिड टकवेल. पाणी साचून मी कुजू नये म्हणून ती घाव तिरका घाली. माझ्या काठ्यांच्या ती ताट्या विणी, आणि दोन्ही गावांतले मेंढपाळ मेंढरांच्या कुंपणासाठी त्या घेऊन जात. तोडलेल्या जागी ऊन उतरे, पिवळी फुलं उमलत. लोक फुलांचं कौतुक करत. माझं कुणी केलं नाही, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

मग कूम्बरच्या शाळेतल्या मुरिएलबाईंनी रान वाचवायचं मनावर घेतलं. दोन्ही गावं माझ्याजवळच्या मोकळ्या जागेत जमली.

"अगं इनिड, जिवंत झाडावर कोयता उचलवतो तरी कसा गं तुला?"

"केस कापल्यावर मेलंय का कुणी, बाई?"

सगळे हसले, पण तोडणी बंद करायला सगळ्यांनी हात मुरिएलबाईंच्या बाजूने वर केले. इनिडने कोयता पुसला आणि ती निघून गेली.

त्यानंतर मला तीस वर्षं कुणी हात लावला नाही. माझे फुटवे मांडीएवढे जाड झाले. खाली अंधार पडला, फुलं गेली. स्वतःच्याच ओझ्याने मी मधोमध चिरलो, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दुःख नाही, रागही नाही. नुसता बधिरपणा.

परवा त्या दोघी आल्या. इनिडची बोटं आता वळत नाहीत.

"तोडलं तर जगेल का गं?" मुरिएलबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही. नाही तोडलं तर मात्र नक्की मरेल. धरा कोयता. तिरका घाला, कचरू नका."

पहिला घाव मला कळलाच नाही. दुसराही नाही. तिसरा थेट आतल्या ओल्या लाकडाला लागला आणि मी शहारलो.

मुरिएलबाईंचा हात थांबला. "दुखलं असेल का गं त्याला?"

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, हो बाई, दुखलं. आता थांबू नका.