हिरवा दिवा लागलाय ना?

हॅचरीच्या खोलीचं दार उघडलं आणि मास्तरणीने हाताने नाक दाबलं. एखादं अंडं नासणं वेगळं आणि कपाटभर अंडी नासून फुटणं वेगळं. उबवणीच्या कपाटाच्या काचेवर आतून हिरवट काळं काहीतरी ओघळत होतं. खाली बादली घेऊन या घरची सून उकिडवी बसली होती आणि ती घाण हातानेच खरवडून काढत होती. हॅचरीवाल्या काकू, म्हणजे तिच्या सासूबाई, नाकाला रुमाल लावून भिंतीशी उभ्या होत्या. दाजींनी उंबऱ्यावरूनच डोकावलं. त्यांचे बूट नवे होते, त्यामुळे आत येण्याचा प्रश्न नव्हता.

दाजी म्हणजे मास्तरणीच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि ती कामाला होती त्या दुकानाचे मालक. तिला मास्तरीण म्हणायचं कारण एवढंच की दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की तिला राहवत नसे. दाजींच्या दुकानातून उबवणीच्या कपाटांना लावायचे डबे जात. डब्यात तळहाताएवढा संगणक असे, वर छोटा पडदा आणि दिवा. कपाटातली ऊब साध्या थर्मोस्टॅटवर चाले. ठरल्या वेळी अंड्यांचे ट्रे कलते करणं आणि पंख्याने हवा खेळवणं हे काम डब्याचं. त्या संगणकांची इमेज, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या सगळ्या प्रोग्रामचा साचा, मास्तरीण बनवी. नको ते सगळं छाटायचं, हवं तेवढं ठेवायचं, त्याची एक फाइल करायची आणि ती प्रत्येक मेमरी कार्डावर उतरवायची. ते कार्ड घातलं की सगळे डबे सारखेच शहाणे, नाहीतर सारखेच मूर्ख.

मूर्खपणा कुठे होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या संगणकाला स्वतःचं घड्याळ नसतं. वेगळं लावता येतं, पण दाजींना तो भुर्दंड वाटला. वीज गेली की हा वेळ विसरतो आणि परत आल्यावर इंटरनेटला विचारून घेतो. काकूंकडे इंटरनेटच्या नावाने बोंब. त्यात सारख्या जाणाऱ्या विजेने कार्ड बिघडू नये म्हणून मास्तरणीने इमेजला असं कुलूप घातलं होतं की डब्याला तिच्यात काही लिहिताच येऊ नये. त्यामुळे डबा जागा झाला की त्याच्या लेखी इमेज बनवली तोच दिवस उजाडे. वेगळी नोंदलेली अंडी ठेवल्याची तारीख त्याला पुढची वाटे, मग तो हिशेब करी की अंडी अजून ठेवलेलीच नाहीत, तर ट्रे हलवायचे कशाला आणि पंखा फिरवायचा कशाला. सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा लावून तो स्वस्थ बसे.

यावर तिने पहिल्या इमेजमध्ये उपाय केलाही होता. वेळ माहीत नसेल तर डब्याने भोंगा वाजवायचा, कुणी वेळ सांगेपर्यंत थांबायचंच नाही. गिऱ्हाइकासमोर चालू केल्याबरोबर डबा गळा काढतो म्हणून दाजींनी भोंगा काढायला लावला. एवढ्यातेवढ्यावरून घरात वाद नको, असं ताईनेही फोनवर सांगितलं. मास्तरणीने मूग गिळून भोंगा काढला होता. आज त्याचाच वास नाकात शिरत होता आणि तिला स्वतःचीही शिसारी आली.

दाजींनी लांबूनच डब्याकडे पाहिलं आणि डॉक्टरच्या थाटात मान हलवली.

"मधे कुणीतरी बटण बंद केलेलं दिसतंय," ते म्हणाले.

काकूंनी सुनेकडे पाहिलं. फोनवरही दाजींनी त्यांना हेच सांगितलं होतं आणि घरात बटणाला हात लावणारं दुसरं होतं कोण? मुलगा नोकरीसाठी परगावी. त्या फोनपासून काकू सुनेशी बोलत नव्हत्या. हे सगळं साफ करून झालं की तिने माहेरी जावं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"ट्रे एकाच बाजूला कललेत, हे मीच आधी सांगितलं होतं," सून बादलीकडे बघत म्हणाली.

ते खरं होतं. काकूंनी लगेच दाजींना विचारलंही होतं. त्यावर दाजींनी, हिरवा दिवा लागलाय ना, मग दार उघडू नका, असं ठणकावून सांगितलं होतं.

दाजींनी मास्तरणीला अंगणात बोलावलं. खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या, एक तोंडात टाकली, एक तिच्यापुढे धरली.

"नवीन इमेज करशील तेव्हा एक ओळ घालून ठेव. 'बटण हाताने बंद केले', एवढंच. कार्ड बदलायचं आणि पडद्यावर ती दाखवायची. पडद्यावरचं वाचलं की माणसं गप्प बसतात."

"आणि ती सून?"

"त्यांच्या घरचं ते बघतील. तू आपल्या घरचं बघ. ताईला त्रास होईल असं काही करू नकोस."

गोळी गालात फिरवत ते हे बोलले. पेपरमिंटचा वास मास्तरणीच्या नाकापर्यंत आला. अंडी बिचारी नासली तर निदान वास मारतात, हा माणूस नासून सुगंध मारत होता. ती वळली आणि तडक आत गेली. पायाखाली काहीतरी पचकन फुटलं. तिने डब्याचा प्लग काढला, थोडं थांबली आणि परत लावला.

पडदा उजळला. हिरवा दिवा लागला.

"काकू, वर तारीख आहे ती वाचा."

काकूंनी चष्मा लावला. तारीख वाचली, परत वाचली.

"तेव्हा हे कपाटसुद्धा आमच्याकडे आलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"वीज गेली की डबा दर वेळी त्याच दिवशी जागा होतो. बटण कुणीही बंद केलेलं नाही. हे मला माहीत होतं, दाजींनाही माहीत होतं."

उंबऱ्यावरून दाजी वायरिंगचं काहीतरी बोलू लागले. कुणी मान वळवली नाही. मग तावातावाने पाय आपटत ते गाडीकडे गेले आणि हॉर्न वाजवत बसले. घरी गेल्यावर ताई काय म्हणणार, हे मास्तरणीला त्या हॉर्नमध्येच ऐकू येत होतं.

काकूंनी नाकावरचा रुमाल काढला. सुनेच्या बाजूला जाऊन त्या उकिडव्या बसल्या आणि बादलीला हात घातला. सुनेने बादली सोडली नाही. दोघींच्या हातात ती तशीच राहिली.

"जाऊ नकोस," काकू हळूच म्हणाल्या.

कोपरापर्यंत बरबटलेल्या हाताने सुनेने वर डब्याकडे बोट दाखवलं.

"आधी तो दिवा बंद करा."

मास्तरणीने प्लग उपटला, बाह्या दुमडल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.