सागाजोगी हवा

अण्णारावांचं तेरावं नुकतंच उरकलं होतं, तोच जंगल खात्याचे वेणीमाधवराव नवी पेठेतल्या घरी हजर झाले. मागे नकाशाची गुंडाळी धरलेला शिपाई मायाप्पा.

अनसूयेचे वडील अण्णाराव, तिचे अप्पा, वेणीमाधवरावांच्या कचेरीत नकाशे काढत. कुठे किती पाऊस, कशी हवा आणि म्हणून कुठे कोणतं झाड लावावं, हे दाखवणारा हा त्यांचा शेवटचा नकाशा. सारा जिल्हा त्यांनी कोरड्या पट्ट्याच्या पिवळ्या रंगात रंगवला होता. झाडं सुचवली होती बाभूळ, हिवर, बोर. पण वरून सागाची रोपं आधीच येऊन पडली होती. रोपं आली, म्हणजे त्यांना मानवेल अशी हवा शोधणं आलंच.

"सापडली!" जमिनीवर पसरलेल्या नकाशात करमाळ्याजवळच्या ताज्या हिरव्या ठिपक्यावर वेणीमाधवरावांनी बोट ठेवलं. "तिथलं पर्जन्यमापक वैशाखातसुद्धा भरतं."

ते विश्रामगृहाच्या बागेत, गुलाबांच्या मधोमध होतं, आणि माळी पाणी घालताना हात आखडता घेत नसे. अप्पा हे हसून हसून सांगत.

"झारीचा पाऊस तो, साहेब. अप्पांनी कळवलं होतं की," अनसूया म्हणाली.

"कळवलं होतं. पण मोजलेलं पाणी ते मोजलेलं पाणी! आभाळातून आलं की झारीतून, असं तक्ता विचारत नाही."

"मग माळ्यालाच रानात धाडा की," मायाप्पा पुटपुटला. "साग लई जोमानं येईल."

"गप रे! अनसूयाबाई, नकाशा छापायला चाललाय. खाली अण्णारावांचं नाव घालतोय. ठळक."

अप्पांच्या नकाशांवर जन्मभर कुणा ना कुणा साहेबाचं नाव झळकलं. छापील नावाचं त्यांना केवढं अप्रूप! आता ते येणार, आणि वाळलेल्या रोपांपुढे उभे राहून लोक तेच वाचणार.

"नाव नको," ती म्हणाली.

"अहो, कुणाचं तरी हवंच!"

"तुमचं घाला."

वेणीमाधवरावांनी संकोचल्यासारखा चेहरा करून पाहिला, तो जमेना. "तेही खरंच. ठिपका माझाच आहे म्हणा. पण नाव लांबलचक. नकाशावर पार मोडनिंबपर्यंत जाईल, नाही?"

"जाऊ दे."

नकाशा गुंडाळायला ती मायाप्पाच्या मदतीला खाली बसली. अप्पांचा पिवळा रंग आत आत जात दिसेनासा झाला, तशी तिनं सुतळी मायाप्पाच्या हाती दिली.

"तू बांध," ती म्हणाली.