राखेतला इस्तो

माणिकबाई होती तोवर त्या घरात सकाळी काडीपेटी लागली नाही. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की ती चुलीतला एक निखारा राखेत झाकायची. त्याला ती इस्तो म्हणायची. पहाटे राख बाजूला सारली की खाली इस्तो जिवंत असायचा. वर दोन तुराट्या ठेवून फुंकलं की जाळ. सुखदेवराव उठायचे तेव्हा आंघोळीचं पाणी कढत असायचं आणि चुलीपाशी त्यांचा पाट मांडलेला असायचा. थंडी होती ती बाहेर वावरात. घरात तिला कधी जागा मिळाली नाही.

ऐन कापूस फुटायच्या दिवसांत माणिकबाई गेली. सुतकात चूल पेटली नाही, भाऊबंदांच्या घरून डबे आले. मग पाहुणे गेले, मुलगा नितेश आणि सून सीमा अकोल्याला परतले, आणि तिवस्याजवळच्या त्या गावात सुखदेवराव एकटे राहिले. नितेशनं जाताना पाणी तापवायचा रॉड आणून दिला, मऊ ब्लँकेट आणून दिलं. सुखदेवराव ब्लँकेट पांघरत, त्यावर सतरंजी टाकत, तरी पाय गार ते गारच.

म्हणून त्यांनी इस्तो राखायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी निखारा राखेत पुरायचे, रोज सकाळी राखेत हात घालायचे. राख गार. निखाऱ्याचा काळा कोळसा झालेला.

अशातच नितेशचा फोन आला.

"बाबा, थंडी लय वाढली. इकडे जठारपेठेत दारं लावली का वाराच येत नाही. रविवारी गाडी घेऊन येतो, चाला."

"घर सोडून कुठी येऊ?"

"घर काय पळून चाललं? आन करता काय तिथं एकटे?"

"इस्तो राखून पाहून राहिलो. तुह्या मायसारखा."

नितेश हसायला लागला आणि मध्येच थांबला. "राहिला?"

"नाही."

"मंग पाहा. एक निखारा राहत नाही तुमच्यानं, घर कसं राखसान?"

सुखदेवरावांना ते लागलं. "रविवारपर्यंत राहिला तर मी येत नाही. बोल."

"आन नाही राहिला तर?"

"तर गुमान गाडीत बसतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या मनकर्णाबाई भाजी द्यायला आल्या. माणिकबाईची त्यांच्याशी उभ्या जन्माची मैत्री. पूर्वी त्यांच्या चुलीतला इस्तो विझला की त्या गोवरीच्या तुकड्यावर निखारा इथूनच न्यायच्या. सुखदेवराव तेव्हा चुलीपुढे बसले होते. त्यांनी निखारा ठेवला, गोवरीचा चुरा घातला, वर राख लोटली आणि तळहातानं चांगली दाबून बसवली.

"अगं माय! भाऊजी, काय पेरून राहिले तुमी?"

"काहून?"

"बी हाय का ते, वरून दाबाले? त्याले श्वास लागते. माणिक असती तर हातावर पळी मारली असती."

सुखदेवराव आपल्या हाताकडे पाहत राहिले. जन्मभर वावरात ओढलेल्या तासात बी टाकून त्यांनी वरची माती पायानं दाबली होती. माती पोकळ राहिली तर बी उगवत नाही. हाताला तेच ठाऊक होतं.

"आखी गोवरी लावा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "निखारा तिच्या पोटाशी. राख वरून हलकी भुरकावा, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पदर टाकतो तशी."

"माणिकनं शिकवलं तुमाले?"

"शिकवाचं काय त्यात? रोज तर दिसे. तुमचं ध्यान नव्हतं."

त्या सहज बोलल्या. सुखदेवरावांनी मान खाली घालून राख परत मोकळी केली.

त्या सांगण्याप्रमाणे करूनही एकदा गोवरी ओली निघाली, एकदा अर्धीच जळून विझली. रविवार उजाडला. सुखदेवरावांनी राखेत बोटं घातली आणि चटकन मागं घेतली. चटका बसला होता. गोवरी आतून पोखरून लाल झाली होती. त्यांनी तुराट्या ठेवल्या, फुंकलं. धूर झाला, मग जाळ झाला. मधल्या खोलीकडे तोंड करून ते मोठ्यानं म्हणाले, "अवो, राहिला पाहा!"

म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

पाणी तापलं. समोरून अंग शेकत होतं, पाठीला मात्र वारा झोंबत होता. मागचं दार उघडं होतं. माणिकबाई पाणी घेऊन आत आली की पायानं ते लोटायची. सुखदेवराव उठले, दार लावलं, परत पाटावर येऊन बसले. वारा थांबला. पाठ गारच राहिली. इतके दिवस त्यांना वाटत होतं की एकदा इस्तो राहिला की घर पहिल्यासारखं होईल. इस्तो राहिला होता.

उन्हं वर आल्यावर नितेश आला. दारात चपला काढून सरळ चुलीपाशी गेला आणि उकिडवा बसून दोन्ही हात जाळापुढे धरले. माय असताना शाळेला जायच्या आधी तो असाच बसायचा.

"राहिला?"

"राहिला."

नितेश बाहीनं नाक पुसत म्हणाला, "मंग राहा तुमी. शब्द म्हणजे शब्द."

"बॅग काढ माही," सुखदेवराव म्हणाले.

"काहून? जिंकले ना तुमी!"

"जिंकलो. आता रोज सकाळी उठून कोणाले दाखवू?"

नितेशनं बॅग काढली. तो कपडे भरत होता तेवढ्यात सुखदेवरावांनी चिमट्यानं मोठा निखारा उचलला, गोवरीवर ठेवला आणि शेजारी गेले.

"हा ठेवा तुमच्या चुलीत."

"माह्या घरी तर आता गॅसच असते, भाऊजी."

"तरी ठेवा. दाबू नका फक्त."

"मले शिकवता?" मनकर्णाबाई हसत म्हणाल्या. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं आणि गोवरी हातात घेतली. "संक्रांत झाली का येजा. मी काही जन्मभर नाही राखनार."

सुखदेवराव घरी आले. अंगणात नितेशनं गाडी सुरू केली होती. ते चुलीपुढे वाकले, उरलेल्या तुराट्या ओढून विझवल्या. राख अजून ऊन होती. हातानं त्यांनी ती सारखी केली. दाबली मात्र नाही.